ओवरी

"सर, म्हणजे सरळ सरळ घरजावईच ना?"
सायखेड्याची निकम विचारते तिसऱ्या बाकावरून
आणि एस.वाय.चा अख्खा वर्ग हसतो.
फळ्यावर मी नुकतंच लिहिलेलं :
ख्रिस्ती राज्य, शतक बारावं. राजाला मुलगा नाही.
समुद्रापलीकडून आलेला सरदार. घरात धाकटा,
बापाच्या जमिनीत वाटा नाही,
एक घोडा, एक झेंडा, दिसायला बरा.

मी खडू झटकतो.
"हो. पण पेपरात 'वैवाहिक राजकारण' असं लिहा."

सोळा वर्षं झाली जिंतूरहून येऊन.
माझा घोडा एस.टी., झेंडा सेटचं सर्टिफिकेट.
तांबट आळीत रंगनाथशेठ वडनेऱ्यांना
एकच मुलगी, हेमांगी,
आणि दुकान, देवांचे मुकुट घडवायचं.
तयार मुकुट फळीवर उलटे ठेवलेले असायचे वाटीसारखे,
एकात सासरे सुटे पैसे टाकायचे.

परक्या सरदाराला बघून दरबारातले उमराव काय बोलले
ते मला ग्रंथालयात शोधावं लागलं नाही.
मी "येऊ लालोय" म्हटलं की
मावससासरे बशीतल्या चहात हसायचे.

त्या सरदारामागे जहाजं भरून भाऊबंद उतरले.
कुणाला किल्ला, कुणाला बिशपची खुर्ची,
कुणाला एखादी विधवा, तिच्या जहागिरीसकट.
मी फक्त पुतण्याला काट्यावर बसवलं.
तरी आळीत झालंच : "परभणीची फलटण आली."

सासऱ्यांच्या दहाव्याला रामकुंडावर
कावळा शिवेना.
ऊन चढलं. दह्याचं पाणी सुटलं.
चुलतमेहुणा भटजींना ऐकू जाईल इतपत पुटपुटला,
"चाव्या कुणाकडं, तेवढं विचारतायत नाना."
खिशात वाजू नयेत म्हणून
मी त्या मुठीत आवळून धरल्या होत्या.
वळ दोन दिवस होता.

एका राणीनं म्हणे मुकुट आधी स्वतः घातला,
मग काढून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला, सगळ्यांदेखत.
हा भाग मी दरवर्षी भरभर उरकतो.
हेमांगीनं चाव्या दिल्या त्या
भाजीची पिशवी द्यावी तशा :
"धर जरा, मला डबा भरायचाय."
त्या "जरा"ला आता अकरा वर्षं झाली.

फेब्रुवारीत वर्ग घेऊन पांडवलेण्यांवर गेलो.
पायऱ्या चढताना निकमच पुढे.
हेमांगी आली होती, सहज, सुट्टी म्हणून.
दहाव्या लेण्यात बोट ठेवून वाचून दाखवलं :
हा शक, बाहेरून आलेला. आणि बघा,
आधी "राजाचा जावई" कोरलंय,
"दीनिकाचा मुलगा" त्याच्यानंतर.
सोळा गावं दिली यानं. तीन लाख गाई.
पोरं गाईंवर "बाप रे" म्हणाली.

"आणि हे बारकं?" हेमांगी विचारते,
बाजूच्या दारावरच्या दोन ओळींकडे बघत.
"ते त्याच्या बायकोचं. राजाची मुलगी.
तिचं दान, ओवरक. म्हणजे ही खोली.
आपली ओवरी याच शब्दातून आली म्हणतात."

ती वाकून आत गेली.
दगडी ओट्याची कड वितीनं मोजू लागली,
अंगठा ते करंगळी, अंगठा ते करंगळी,
लग्नाआधी मूर्तीच्या कपाळाचं माप घ्यायची तशी.
सासरे सांगायचे, हिची वीत कधी चुकली नाही.
मी ते विसरलो होतो.
खरं तर विसरलो नव्हतो.

"गाई कुठायत आता?" आतून आवाज आला.
दगडामुळे मोठा वाटला.

मग ती बाहेर आली, गुडघ्यावरची धूळ झटकली,
हात पुढे केला.
"चाव्या दे. येताना दुकानावरून जाते."

पोरं खाली धरणाचं पाणी दिसतंय का बघत होती.
निकम तेवढी वहीत काहीतरी लिहीत होती.
काय, ते मी विचारलं नाही.